आपल्या गावात काम कसे येते?
(सामाजिक शास्त्र : इयत्ता नववी व दहावीसाठी पूरक वाचन)



गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात मी एक साधा प्रश्न विचारला होता. "शिक्षण संपल्यावर नोकरी किंवा धंदा कोठे कराल?" पुणे, इंदूर, बंगळूर, हैदराबाद अशी नावे भराभर आली. एकाने तर थेट कॅनडा गाठले. उज्जैनसाठी मात्र तीनच हात वर झाले. त्यांतल्या एकाच्या वडिलांचे फ्रीगंजात दुकान आहे. दुसऱ्याच्या घरी पौरोहित्याची परंपरा आहे. तिसरीला आजीला सोडून जायचे नाही. म्हणजे तिघांनाही गावातल्या कामाने नव्हे, घराने धरून ठेवले होते.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात उज्जैनमध्ये येणाऱ्या गुंतवणुकीची मोठी बातमी होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, एवढे कोटी जर आपल्या गावात येणार आहेत, तर आम्ही बाहेर का जायचे?" प्रश्न अगदी रास्त होता, पण त्याचे उत्तर तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत बसण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख. मुलांबरोबर पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा, कारण उत्तराचा थोडा भाग त्यांच्याकडेही आहे.

राजधानी गेली, मग मिल गेल्या

आपले गाव देवस्थानामुळे प्रसिद्ध आहे, पण पोट मात्र ते फार पूर्वीपासून व्यापारावर भरत आले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात उज्जयिनीचा उल्लेख 'ओझेन' असा येतो. येथून अकीक आणि मलमलीसारखे कापड भडोच बंदरात जात असे, असे त्यात लिहिले आहे. उत्तरेकडून समुद्राकडे जाणाऱ्या मालाच्या वाटेवर आपण होतो, आणि वाट होती म्हणून काम होते.

पुढे अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे पूर्वज त्याच काळात कारकून, शिलेदार, पुरोहित, सराफ अशा कामांसाठी माळव्यात आले. दरबार हाच तेव्हाचा सर्वांत मोठा मालक. पण १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपले मुख्य ठाणे ग्वाल्हेरला हलवले. दरबार गेला आणि त्याच्यामागे पुष्कळ कामेही गेली.

विसाव्या शतकात कापडाच्या गिरण्यांनी गावाला पुन्हा उभे केले. आपल्याकडे त्यांना सगळे मिलच म्हणतात. नजरअली मिल, बिनोद मिल, हिरा मिल ही नावे तुमच्या आजोबांना विचारा. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते आणि महाराजा माधवराव शिंदे यांनी उद्योगांना उत्तेजन देण्याचे धोरण ठेवले होते. माधवनगर हे नाव त्यांच्यावरूनच पडले. त्याच भागाला आपण फ्रीगंज म्हणतो, आणि त्या नावात व्यापाऱ्यांना दिलेली सवलत आहे असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे उद्योगांना सवलत देऊन गावात बोलावणे ही काही आजची युक्ती नाही.

मग मिल बंद का पडल्या? जुनी यंत्रे बदलली नाहीत. यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले. सुती कापडाच्या जागी कृत्रिम धाग्याचे कापड आले. कर्ज वाढत गेले. १९९० च्या दशकात माळव्यातल्या एकेका मिलचा भोंगा थांबला. आपल्याकडच्या बिनोद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजारच्या इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये द्यायचा मार्ग मोकळा झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोपर्यंत कित्येक कामगार हयातही नव्हते.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवा. गावातले बहुतेक काम एकाच मालकावर किंवा एकाच धंद्यावर उभे असेल, तर तो मालक उठून गेला की घरोघरची चूल मंदावते. एकदा दरबार गेला तेव्हा हे झाले, दुसऱ्यांदा मिल गेल्या तेव्हा झाले.

सरकार नेमके काय करते?

"सरकार नोकऱ्या देणार" असे आपण सहज बोलतो. खरे पाहता सरकार तीन प्रकारे काम निर्माण करू शकते.

पहिला प्रकार म्हणजे स्वतःची पदे भरणे किंवा स्वतःचा कारखाना काढणे. देवासची बँक नोट प्रेस हे त्याचे जवळचे उदाहरण. ती १९७४ मध्ये सुरू झाली.

दुसरा प्रकार म्हणजे उद्योगाला लागणारी जमीन, रस्ता, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय एका जागी तयार करून देणे. मक्सी रोड आणि नागझिरीची औद्योगिक क्षेत्रे याच विचारातून झाली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. तुमच्या नातेवाइकांच्या तोंडी जे 'एमआयडीसी' नाव असते ते हेच.

तिसरा प्रकार म्हणजे करात सवलत, स्वस्त कर्ज किंवा अनुदान देणे. इंदूरजवळचे पिथमपूर १९८० च्या दशकात वाढले, त्यामागे धार जिल्ह्याला मागास म्हणून मिळालेल्या सवलतींचाही हात होता. उज्जैनची कितीतरी मुले तेव्हा तिकडे कामाला गेली.

पुण्याजवळच्या पिंपरीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे १९५४ मध्ये केंद्र सरकारचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. पुढे त्या परिसरात मोटारींचे, स्कूटरचे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप निघाली. मोठ्या कारखान्याच्या फाटकाआत जेवढे काम असते, तेवढेच किंवा त्याहून जास्त त्याच्या फाटकाबाहेर तयार होऊ शकते. ते तयार झाले तरच गाव वाढते.

विक्रम उद्योगपुरी : एका प्रकल्पाची गोष्ट

आता आपल्या दारातल्या उदाहरणाकडे येऊ. उज्जैनहून देवासला जाताना नरवर गावाजवळ रस्त्यालगत विक्रम उद्योगपुरी लागते. क्षेत्र सुमारे १,१०० एकर. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा हा एक भाग आहे. गुजरातमधील धोलेरा, उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा आणि महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा-बिडकीन ही त्याच योजनेतील तिची भावंडे. केंद्र आणि राज्य सरकार मिळून एक कंपनी करायची, त्या कंपनीने जमीन तयार करायची आणि मग उद्योगांना भूखंड द्यायचे, अशी पद्धत आहे.

आता वर्षे नीट पाहा. या पट्ट्यासंबंधी भारत आणि जपान यांच्यात समझोता झाला २००६ मध्ये. त्यानंतर जमीन, मंजुऱ्या, रस्ते, पाणी, वीज यांची कामे चालली. २०२४ मध्ये पेप्सिको कंपनीने उज्जैनमध्ये खाद्यपदार्थांना चव देणारे मिश्रण तयार करण्याचा कारखाना काढण्याचे जाहीर केले. जागा २२ एकर, गुंतवणूक १,२६६ कोटी रुपये. म्हणजे ज्या वर्षी समझोता झाला त्या वर्षी जन्मलेले मूल या घोषणेच्या वेळी अठरा वर्षांचे, मतदानाच्या वयाचे झाले होते.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आंब्याचे झाड लावल्या वर्षी फळ देत नाही, तसे हे आहे. पण पालकांनी आणि मुलांनी हा काळ ओळखून आपला बेत केला पाहिजे. आज घोषणा झाली म्हणून आज बारावीत असलेल्या मुलाला पुढच्या वर्षी तेथे नोकरी मिळेल असे धरून चालता येत नाही. आज पाचवी-सहावीत असलेल्या मुलांसाठी मात्र ती घोषणा महत्त्वाची असू शकते.

याच उद्योगपुरीत वैद्यकीय उपकरणांचे उद्यान व्हायचे ठरले. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा उद्यानांसाठी ४०० कोटी रुपयांची योजना काढली आणि हिमाचल प्रदेश, तामिळनाडू, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश या चार राज्यांची निवड केली. प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त १०० कोटी. हा पैसा एखाद्या कारखानदाराच्या खिशात जात नाही. तो सर्वांनी मिळून वापरायच्या सोयींसाठी असतो. उदाहरणार्थ, सलाइनची नळी किंवा सिरिंज बाजारात जाण्यापूर्वी निर्जंतुक करावी लागते, तिची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. ही यंत्रणा इतकी महाग असते की लहान उद्योजकाला ती एकट्याने परवडत नाही. ती उद्यानात तयार मिळाली, तर थोड्या भांडवलाचा माणूसही या धंद्यात उतरू शकतो. गावातल्या सामाईक विहिरीसारखेच हे आहे. विहीर गावाची, शेत ज्याचे त्याचे.

कोटींचा आकडा कसा वाचावा?

मार्च २०२४ मध्ये उज्जैनला विभागीय उद्योग संमेलन भरले. राज्यातल्या अशा संमेलनांच्या मालिकेतले ते पहिले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये भोपाळला जागतिक गुंतवणूकदार परिषद झाली, आणि २०२५ हे वर्ष राज्य सरकारने 'उद्योग व रोजगार वर्ष' म्हणून जाहीर केले. अशा प्रसंगी फार मोठे आकडे कानावर येतात. ते खोटे असतात असे नव्हे, पण ते जिन्याच्या कोणत्या पायरीवरचे आहेत हे विचारायला हवे. पायऱ्या अशा :

१. इच्छा : कंपनी म्हणते, आम्हाला येथे यायचे आहे. बहुतेक मोठे आकडे या पायरीवरचे असतात.
२. जमीन : भूखंड मिळाला, त्याचे पैसे भरले.
३. बांधकाम : मंजुऱ्या मिळाल्या, पाया खणला.
४. उत्पादन : यंत्रे बसली, माल बाहेर पडू लागला.
५. रोजगार : किती माणसे, कोणत्या कामावर, कोणत्या गावची, कायम की कंत्राटी?

पहिल्या पायरीवरचे सगळेच पाचवीपर्यंत पोचत नाहीत. कोणी भूखंड घेऊन तसाच ठेवतो, कोणाचा धंद्याचा अंदाज बदलतो, कोणाला कर्ज मिळत नाही. म्हणून बातमी वाचताना पेन्सिलने शेजारी पायरीचा क्रमांक लिहायची सवय लावा.

दुसरी गोष्ट गणिताची. समजा, एका कारखान्यात ५०० कोटी रुपये गुंतले आणि २५० माणसांना काम मिळाले. म्हणजे एका नोकरीमागे २ कोटी रुपये. दुसऱ्या, शिलाईच्या कारखान्यात ५० कोटी गुंतले आणि १,००० माणसांना काम मिळाले. म्हणजे एका नोकरीमागे ५ लाख. (हे दोन्ही आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.) बातमीत मोठा दिसेल पहिला कारखाना, पण जास्त घरांत पगार जाईल तो दुसऱ्यातून. मात्र पहिल्यातला पगार जास्त असू शकतो आणि त्याला सुटा माल पुरवणारे धंदेही निघू शकतात. म्हणून गावाला दोन्ही हवेत. फक्त कोटींचा आकडा ऐकून टाळी वाजवू नये आणि फक्त तेवढ्यावरून नाकही मुरडू नये.

तिसरी गोष्ट जमिनीची. कारखान्याची जमीन आकाशातून पडत नाही. ती बहुधा कोणाचे तरी शेत असते. सिंहस्थ क्षेत्रातील जमिनी एकत्र करून तेथे कायमची बांधकामे करण्याच्या योजनेला उज्जैनच्या शेतकऱ्यांनी २०२५ मध्ये जोरदार विरोध केला आणि त्या वर्षअखेरीस सरकारने ती मागे घेतली. गावाला नवे काम मिळताना कोणाचे जुने काम जाते आहे, त्याला काय मिळते आहे, हाही अभ्यासाचाच प्रश्न आहे.

महाकाल लोक आणि सिंहस्थ

११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकचे लोकार्पण झाले. तेव्हापासून गावात काय बदलले हे तुम्ही रोज पाहता. हॉटेले आणि भक्तनिवास वाढले, घरातल्या दोन खोल्या यात्रेकरूंना देणारी कुटुंबे वाढली, ई-रिक्शा वाढल्या, फुलांची आणि प्रसादाची दुकाने वाढली. सरकारने खर्च केला तो दगडी बांधकामावर, पण त्यातून काम मिळाले ते चहावाल्यापासून वाटाड्यापर्यंत सर्वांना.

आता २०२८ च्या सिंहस्थासाठी पूल, रस्ते, घाट यांची कामे आहेत. यातला फरक ओळखा. पूल बांधण्याचे काम पूल पूर्ण झाला की संपते. पूल मात्र राहतो. त्या पुलाने पुढची वीस-पंचवीस वर्षे कोणता धंदा सोपा होईल, यावर त्या खर्चाचे मोल ठरते. यात्रेचे कामही सणावाराला भरती आणि एरवी ओहोटी असे असते. कोरोनाच्या काळात २०२० मध्ये मंदिरे बंद होती, तेव्हा फुलवाल्यांच्या घरी काय झाले ते आठवा. दरबार आणि मिल यांच्यानंतर यात्रा हाच आपला एकमेव खांब होऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे. खांब भक्कम आहे. पण छपराला चार खांब लागतात.

लहान धंद्यांसाठी काय आहे?

मोठ्या कारखान्याची वाट पाहणे हा एकच मार्ग नाही. १९७८ पासून देशात जिल्हा उद्योग केंद्रे आहेत, तशी ती उज्जैनमध्येही आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नवा धंदा काढणाऱ्याला बँकेच्या कर्जाबरोबर प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. स्वतःचे भांडवल ५ ते १० टक्के घालायचे. २०२२ मध्ये प्रकल्पाची मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये केली गेली. अशा योजनांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी केंद्रात जाऊन ताजी माहिती घ्यावी. आणि एक लक्षात असू द्या. अनुदान मिळते म्हणून धंदा काढू नये. धंदा चालणारा असेल तर अनुदानाचा आधार घ्यावा. कर्ज हे शेवटी फेडायचेच असते.

आपल्या भैरवगढची छपाई पाहा. मेणाचा आणि रंगाचा हा उद्योग पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या गावच्या कापडावर 'उज्जैन बाटिक' असा शिक्का मारता येणार नाही. सरकारने नाव राखून दिले. आता त्या नावाने चांगला माल काढणे, त्याचे छायाचित्र नीट घेणे, हिशेब ठेवणे आणि तो पुण्या-मुंबईच्या ग्राहकापर्यंत पोचवणे, ही कामे शिकलेल्या मुलांची आहेत.

आपल्या हातात काय आहे?

कारखाना आला आणि येथे शिकलेली माणसे नसली, तर कारखाना बाहेरून माणसे आणतो. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. अशा ठिकाणी टर्नर, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, तपासनीस, हिशेबनीस असे कितीतरी प्रकारचे लोक लागतात. आपल्या घरांत मात्र अजूनही 'आयटीआयला गेला' हे वाक्य आवाज खाली करून उच्चारले जाते. पालकांना विनंती आहे की हा संकोच सोडावा. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा त्याचा नियम आहे. त्या जागा कोठे आहेत हे विचारत जाणारे पालक किती?

विश्वस्त मंडळींना माझी सूचना लहानशी आहे. सहल दरवर्षी निघतेच. एक दिवस ती औद्योगिक क्षेत्रात न्यावी. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यात, कार्यशाळेत किंवा स्वतःच्या धंद्यात आहेत, त्यांना वर्षातून दोनदा मुलांसमोर बोलवावे. शाळेचा पट आणि गावातले काम यांचे नाते सरळ आहे. काम इंदूरला असेल तर अप-डाऊन करून दमलेले कुटुंब शेवटी घर तिकडेच करते, आणि आपल्या बालवर्गातला एक पाट रिकामा होतो.

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर. बाहेर जाणे वाईट नाही. आपले पूर्वजही कामासाठीच गाव सोडून येथे आले. पण जाणाऱ्याने येथे काय आहे ते पाहून जावे, आणि राहणाऱ्याने नाइलाज म्हणून न राहता काम शिकून राहावे. पुढच्या वर्षी दहावीच्या वर्गात मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. हात किती वर होतात यापेक्षा, हात वर करणारा त्याचे कारण काय सांगतो ते मला ऐकायचे आहे.

स्वाध्याय

१. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा : मिल बंद झाल्यावर आपल्या मोहल्ल्यात काय बदलले? दहा ओळी लिहा.
२. महिनाभर वर्तमानपत्रातील उज्जैनच्या गुंतवणुकीच्या बातम्या कापून वहीत चिकटवा. प्रत्येकीपुढे जिन्याच्या पायरीचा क्रमांक लिहा.
३. एका कारखान्यात १२० कोटी रुपये गुंतले आणि ४०० माणसांना काम मिळाले, तर एका नोकरीमागे किती गुंतवणूक झाली?
४. आपल्या गल्लीतील पाच घरांतील कमावत्या व्यक्तींची कामे लिहा. त्यांतील किती कामे यात्रेकरूंवर अवलंबून आहेत?
५. वर्गात चर्चा करा : उज्जैनच्या छपराचे चार खांब कोणते असावेत?